जुन्या ट्रॅक्टरची हवाबाधा

डिझेल इंजिनाच्या इंधनमार्गात शिरलेली हवा बाहेर घालवण्याच्या क्रियेला जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील पाड्यापाड्यांत 'एअर काढणे' असे सुटसुटीत नाव असून, ज्याच्या वाट्याला ही क्रिया कधीच येत नाही असा जुना ट्रॅक्टर या भागात आढळलाच, तर त्याच्यावर बहुधा काकडीचा वेल चढलेला असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर वसलेले जव्हार मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी म्हणून जेवढे ओळखले जाते, त्याहून अधिक ते थंड हवेचे ठिकाण म्हणून ओळखले जाते, आणि मुंबई-ठाण्याची मंडळी सुटीच्या दिवशी येऊन हनुमान पॉइंटवर उभी राहून यथेच्छ हवा खातात, हे सर्वश्रुत आहे. मात्र तीच हवा चमचाभर जरी ट्रॅक्टरने खाल्ली तरी तो जागचा हलत नाही, आणि भाताच्या चिखलणीचे दिवस असतील तर त्याच्याबरोबर निम्मा पाडाही बांधावर बसून राहतो. माणसाला मानवणारी हवा यंत्राला का बाधते आणि ती आत शिरते तरी कोठून, याचा विचार पुढे करावयाचा आहे.

यात यंत्राची बाजू आधी ऐकून घेणे न्याय्य ठरेल. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी पाडण्याची सोय नसते. सिलिंडरमध्ये ओढून घेतलेली हवा दट्ट्याने सोळा-सतरा पटींनी दाबली की ती पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते, आणि नेमक्या त्या क्षणी तिच्यात डिझेलचा बारीक फवारा उडवला की तो आपोआप पेट घेतो. या फवाऱ्यासाठी टाकीतले डिझेल तोटीतून निघून फीड पंपाकडे, म्हणजे इंधन पुढे ढकलणाऱ्या लहान पंपाकडे, जाते. तेथून एका किंवा दोन फिल्टरांतून गाळले जाऊन ते मुख्य पंपात पोचते, ज्याला मिस्त्री नुसते 'पंप' म्हणतात आणि ज्याच्या दुरुस्तीचा खर्च ऐकल्यावर मालक काहीच म्हणत नाहीत. आणि अखेर पोलादी नळ्यांतून ते नोझलांकडे, म्हणजे फवारा सोडणाऱ्या तोंडांकडे, रवाना होते. नोझलच्या आतील सुई जुन्या इंजिनांत साधारण पावणेदोनशे ते दोनशे वातावरणांचा दाब आल्याखेरीज जागची उठत नाही. डिझेल हा द्रव असल्याने तो व्यवहारात दबत नाही, आणि म्हणून पंपाने एका टोकाला दिलेला रेटा दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा मिळतो. हवा मात्र दबते, आणि किती दबते हे रॉबर्ट बॉईल याने १६६२ साली सांगून ठेवले आहे : दाब दोनशे पट झाला की बुडबुडा आकसून दोनशेव्या हिश्शाएवढा होतो. पंप एका फटक्याला जेवढे डिझेल देतो ते एखाद्या थेंबाहून फारसे अधिक नसते, तेव्हा नळीत थेंबाएवढाच बुडबुडा असला तरी पंपाचा सगळा जोर त्याला दाबण्यात खर्ची पडतो, जोर सरला की बुडबुडा पूर्ववत फुगतो, आणि सुईपर्यंत काहीच पोचत नाही. जिल्ह्याहून सुटलेला आदेश मधल्या एखाद्या टेबलावर शांतपणे मुरावा आणि गावात त्याचा पत्ताही लागू नये, तशातला हा प्रकार असून, बुडबुडाही त्या टेबलाप्रमाणेच कुणालाही उघड विरोध करीत नाही.

इतिहास पाहिला तर या प्रकरणात अन्याय हवेवरच झाला आहे असे म्हणावे लागते. रुडॉल्फ डिझेल याने जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे १८९७ साली जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, त्यात इंधनाचा फवारा उडवण्याचे काम दाबलेल्या हवेकडेच सोपवलेले होते; त्यासाठी साठ-सत्तर वातावरणांच्या दाबाची हवा तयार करणारा कॉम्प्रेसर इंजिनाला जोडावा लागे, आणि तो इतका अवजड असे की असे इंजिन कारखान्यात किंवा जहाजात शोभून दिसले तरी ते शेतावर नेण्याचा विचार शहाण्या माणसाने केला नाही. पुढे रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ साली डिझेल पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले, कॉम्प्रेसरची गरज संपली, आणि जी हवा इंधनमार्गात मानाने नांदत होती तीच घुसखोर ठरली. बॉशच्याच सहकार्याने बंगळूर येथे १९५१ साली निघालेल्या मोटार इंडस्ट्रीज कंपनीचे 'मायको' हे संक्षिप्त नाव जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी अजून 'मायको पंप' या जोडनावात टिकून आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर, १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या विहिरीवरील इंजिनांनी दोन पिढ्यांना हँडल मारण्याचे आणि एअर काढण्याचे प्राथमिक शिक्षण आधीच दिलेले होते, त्यामुळे पुढे ट्रॅक्टर गावोगाव पोचले तेव्हा यंत्र नवे असले तरी त्याची खोड ओळखीची होती.

जव्हार-मोखाड्याचा भूगोल या खोडीला विशेष पोषक आहे. ट्रॅक्टर हे सपाट जमीन गृहीत धरून घडवलेले यंत्र, आणि सपाट जमीन ही येथे क्रिकेटच्या सामन्यासाठी शोधून काढावी लागते. भाताची खाचरे डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बसवलेली, आणि नागली-वरईची शेते तर अशा चढाला की तेथे बैलही विचार करून पाऊल टाकतो. त्यामुळे येथील ट्रॅक्टर चिखलणीचे आणि मळणीचे थोडे दिवस सोडले तर शेतापेक्षा रस्त्यावर अधिक राबतो, आणि ट्रॉलीत खडी, विटा, भाताच्या गोणी किंवा बोहाड्याच्या दिवसांत, म्हणजे देवदैत्यांची सोंगे नाचवण्याच्या उत्सवात, मांडवाचे बांबू घेऊन चढउतार करीत असतो. आता सूर्यमाळच्या चढाला किंवा मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या घाटाला लागलेल्या ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेल तळाला गेलेले असले आणि तोटी टाकीच्या पुढच्या अंगाला असली, तर चढावर यंत्राचे नाक वर होते, उरलेले डिझेल मागच्या भिंतीशी जमा होते, तोटीचे तोंड उघडे पडते, आणि फीड पंप निमूटपणे सह्याद्रीची शुद्ध हवा ओढू लागतो. तोटी मागे असली तर हाच प्रसंग उतारावर ओढवतो, एवढाच फरक.

टाकी भरून निघावे हा यावरील उपाय सर्वांना ठाऊक आहे आणि म्हणूनच तो कोणी सांगत नाही. डिझेल बहुधा कॅनमधून येते, कॅन मोटारसायकलवरून येतो, आणि मोटारसायकल ज्याची असते तो दुसऱ्याच कामाला गेलेला असतो. शिवाय कामाचे पैसे हाती आल्याशिवाय पाच लिटरच्या वर डिझेल घालणे हे मालकाला उधळपट्टीचे वाटते. टाकीत किती शिल्लक आहे हे दाखवणारा काटा जुन्या ट्रॅक्टरवर बहुतेक वेळा एकाच अंकाशी आजन्म निष्ठा राखून असल्याने, झाकण उघडून काठी बुडवणे किंवा टाकीवर बोटांच्या पेरांनी टकटक करून आवाज ऐकणे या दोन मापनपद्धती प्रचलित आहेत. दुसरी पद्धत अधिक प्रतिष्ठित मानली जाते, कारण ऐकणाऱ्याला काय ऐकू आले हे इतरांना तपासून पाहता येत नाही.

हवा शिरण्याचा दुसरा मार्ग मात्र खरोखर अभ्यासनीय आहे, आणि त्याची नीट उकल झालेली असती तर या दोन तालुक्यांतील बरीच भांडणे टळली असती. फीड पंपाच्या अलीकडचा, म्हणजे टाकीकडचा, भाग ओढीचा असतो आणि पलीकडचा भाग रेट्याचा. रेट्याच्या बाजूचा सांधा सैल झाला तर इंजिन चालू असताना तेथून डिझेल बाहेर येते, त्यावर धूळ बसते, काळा ओघळ तयार होतो आणि लहान मूलही तो दाखवू शकते. परंतु जेथून डिझेल जोराने बाहेर येते तेथून त्याच वेळी हवा आत येऊ शकत नाही. याउलट टाकीतील जाळी किंवा तोटी गाळाने अर्धवट बुजलेली असली, तर फीड पंपाला डिझेल ओढून घ्यावे लागते, आणि त्या ओढीने एखाद्या तडकलेल्या रबरी नळीतून किंवा झिजलेल्या तांब्याच्या वायसरमधून हवा आत खेचली जाते. बाहेर पाहावे तर थेंबाचाही मागमूस नाही. तात्पर्य, जो सांधा गळतो तो पुष्कळदा निर्दोष असतो, आणि जो दोषी असतो तो धुतल्या तांदळासारखा कोरडा. तरीही गळणाऱ्यालाच आवळले जाते, त्याच्यावर एम-सील थापले जाते, आणि टाकीचा जोडच पाझरत असेल तर अंगाच्या साबणाची वडी घासली जाते. साबण डिझेलमध्ये विरघळत नसल्याने हा उपाय गळती थांबवण्यापुरता उत्तम आहे, पण हवेशी त्याचा काहीएक संबंध नाही. पावसाळ्यात येणाऱ्या पाहुण्याला त्या घरी अंघोळीला साबण मिळाला नाही, तर त्यामागील कारण यांत्रिक असू शकते, हे त्याने ध्यानात घ्यावे.

प्रत्यक्ष क्रियेला साहित्य थोडे लागते : दोन पाने, एक चिंधी, एक जुना डबा, डिझेलचा भरलेला कॅन आणि पाच-सहा माणसे. या माणसांची यांत्रिकदृष्ट्या गरज नसते, पण ती असतातच. प्रथम टाकीची तोटी उघडी आहे याची खात्री करावी, असे ट्रॅक्टरसोबत मिळणारी पुस्तिका सांगते, आणि ती पुस्तिका पहिल्या मालकाकडेच राहिलेली असते. त्यानंतर फिल्टरच्या माथ्यावरचा एअर बोल्ट, म्हणजे हवा सोडण्यापुरता ढिला करावयाचा छोटा बोल्ट, भोवतालची माती पुसून एक-दोन आटे सैल करावा आणि फीड पंपाची हाताने चालवायची पट्टी सावकाश वरखाली मारीत राहावे. आधी काहीच येत नाही. मग बोल्टाच्या कडेने फुसफुस होते. मग पांढुरका फेस येतो, मग मधूनमधून तुटणारी धार, आणि शेवटी अखंड धार. धार अखंड झाली की पट्टी मारता मारताच बोल्ट आवळावयाचा असतो, कारण आधी पट्टी सोडून मग सावकाश बोल्ट आवळू गेल्यास काढलेल्या हवेतली थोडी परत येण्याचा संभव असतो. पहिल्या फिल्टरवर जे केले तेच दुसऱ्यावर, आणि मग पंपावरच्या बोल्टावर. क्रम नेहमी टाकीकडून नोझलकडे, कारण उलट दिशेने सुरुवात करणाऱ्याकडे मागची हवा पुढे चालत येते आणि त्याला सगळे पुन्हा करावे लागते.

ही क्रिया एका माणसाला करता येते, परंतु तिचा निकाल लावणे एका माणसाच्या अधिकारात नसते. फेस संपला आणि धार लागली हा क्षण नेमका कोणता, यावर तीव्र मतभेद होतात. "आली का?" असे ट्रॉलीवर बसलेला विचारतो, "फेसच आहे अजून," असे वाकून पाहणारा सांगतो, "फेस कुठला, डिझेलच आहे ते, आवळा दादा," असे तिसरा दोन बांध पलीकडून ओरडतो, ज्याला ट्रॅक्टरची फक्त पाठ दिसत असते. अशा वेळी तेथील सर्वांत वयोवृद्ध बाबांचे मत निर्णायक मानण्याची प्रथा आहे. बाबांनी आयुष्यभर बैलच हाकलेले असतात, पण चहाच्या आधणापासून भाताच्या पेजेपर्यंत फेस किती पाहिला याचा हिशेब लावला तर त्यांचा अधिकार नाकारता येत नाही. ते काही वेळ बोल्टाकडे पाहतात, "अजून थोडं मार," असे म्हणतात, आणि खेदाची गोष्ट अशी की ते बहुतेक वेळा बरोबर असतात. बाहेर आलेले डिझेल डब्यात धरून चिंधीतून गाळून पुन्हा टाकीत ओतले जाते. त्यातला कचरा चिंधीत अडकतो आणि चिंधीतला कचरा टाकीत जातो, त्यामुळे हिशेब चुकत नाही.

पट्टीविषयी एक बाब मुद्दाम सांगावयास हवी, कारण तिच्या अज्ञानापायी अनेक अंगठे कामातून गेले आहेत. फीड पंप इंजिनाच्या कॅमशाफ्टवर, म्हणजे उंचवटे असलेल्या फिरत्या दांड्यावर, चालतो. इंजिन बंद पडताना तो उंचवटा नेमका पंपाखाली येऊन थांबला असेल, तर पंपाचा पडदा आधीच ओढलेल्या अवस्थेत अडकून राहतो, आणि बाहेरची पट्टी कितीही मारली तरी ती नुसती लुळी हलते. यावरील इलाज असा की इंजिन एक पूर्ण फेरा फिरवून घ्यावे, म्हणजे उंचवटा बाजूला सरकतो आणि पट्टीत पुन्हा जीव येतो. परंतु हे माहीत नसलेला मनुष्य आधी पट्टी जोराने मारतो, मग दुसऱ्याला मारायला सांगतो, मग फीड पंप खराब झाल्याचे जाहीर करतो, आणि जव्हारच्या बाजारातून नवा पंप आणून बसवतो. बसवण्याच्या खटाटोपात इंजिन एकदा फिरवले जाते, पट्टी चालू लागते, आणि जुना पंप बिघडलेला होता हे सिद्ध होते. कार्यकारणभावाच्या अशा सिद्धता विद्यापीठांतही आढळतात, तेव्हा एकट्या मोखाड्याला हसण्याचे कारण नाही.

एवढे झाल्यावर पंपाकडून नोझलांकडे जाणाऱ्या पोलादी नळ्यांची हवा उरते. नोझलाजवळच्या नळीची चाकी, म्हणजे नळी घट्ट धरणारा नट, एकेक आटा सैल करून, गिअर न्यूट्रलमध्ये आहे हे पाहून, रेस पूर्ण उघडून सेल्फ मारावा. चाकीपाशी आधी बुडबुडे आणि मग डिझेलचे ठसठशीत थेंब उडू लागले की ती आवळावी. या ठिकाणी धार हाताने चाचपण्याचा मोह टाळावा, कारण नोझलचा फवारा कातडी भेदून आत शिरतो, जखम दिसायला टाचणीएवढी असते आणि तिच्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते. सेल्फ सलग दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये हा नियमही आहे, पण जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी तो आपणहून पाळते. बॅटरी बसली की भूगोलाची मदत घेतली जाते : या भागातील जाणता चालक ट्रॅक्टर नेहमी उतारावरच उभा करतो, जेणेकरून ब्रेक सोडून, गिअर टाकून, क्लच सोडला की इंजिन फिरावे. हवा निघालेली असेल तर ही युक्ती उत्तम चालते. निघालेली नसेल तर ट्रॅक्टर उतार संपेपर्यंत आपले मौन पाळतो आणि ओढ्याकाठी जाऊन उभा राहतो, तेथून त्याला वर आणण्यासाठी बैलजोडी बोलवावी लागते. यांत्रिकीकरणाच्या या टप्प्यावर बैलांच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, त्याचे वर्णन कृषी खात्याच्या कोणत्याही अहवालात नाही.

सर्व सोपस्कार यथासांग होऊनही इंजिन लागत नाही, असा एक वर्ग शिल्लक राहतो, आणि त्यातील मोठा भाग स्टॉप ओढलेल्या ट्रॅक्टरांचा असतो. स्टॉप म्हणजे डिझेल तोडून इंजिन बंद करण्याचा दांडा. काल संध्याकाळी तो ओढला गेला होता आणि आज तो आत ढकलायचा राहिला, एवढेच कारण असते. हे ज्याच्या प्रथम लक्षात येते तो ते मोठ्याने सांगत नाही, तर चाकावर हात टेकल्यासारखे करून दांडा हळूच आत सरकवतो आणि "आता एकदा मारून बघा," असे सुचवतो. पुढील दहा वर्षे पंचक्रोशीत त्याला मिस्त्री म्हणतात.

येथे मीमांसेतील कर्मकांड आणि ज्ञानकांड या जुन्या भेदाची आठवण अपरिहार्य आहे. हवा काढणे हे कर्म. ती आली कोठून हे ज्ञान. कर्म रोज सकाळी करता येते, त्याला पाना पुरतो, त्यात फळ ताबडतोब दिसते आणि भोवती माणसे असतात. ज्ञानासाठी मात्र टाकी उतरवून जाळी धुवावी लागते, रबरी नळी बदलावी लागते, आणि दहा-वीस रुपयांचा तांब्याचा वायसर, जो जुनाच ठोकून पुन्हा बसवला जातो, नवा आणावा लागतो. वायसर आणण्यासाठी तालुक्याला जायचे तर एक दिवस मोडतो, आणि रोजची एअर काढायला केवळ एक तास. असा हिशेब एका दिवसापुरता मांडला तर कर्मकांड निर्विवाद स्वस्त ठरते, आणि तो हिशेब नेहमी एका दिवसापुरताच मांडला जातो. यात आळस आहे असे म्हणणे वरवरचे होईल, कारण रोज तासभर वाकून पट्टी मारणाऱ्याला आळशी म्हणता येत नाही.

हीच हवा जेथे फार मोठ्या नळांत शिरते तेथे काय केले जाते, याचे उदाहरण याच मुलखात सुरू होते. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे मुंबई महानगरपालिकेने बांधलेले मध्य वैतरणा धरण २०१४ साली पूर्ण झाले. त्याचे पाणी मोडकसागरात उतरते आणि तेथून प्रचंड जलवाहिन्यांतून मुंबईला जाते. या जलवाहिन्यांच्या उंच जागी हवा साठून पाणी अडू नये म्हणून एअर व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आपोआप सोडणारी झडप, बसवलेली असते. तेथे कुणी पट्टी मारीत नाही, बाबांना विचारीत नाही, आणि मुंबईतला नळ उघडणारा मनुष्य फेस आहे की धार यावर वाद घालीत नाही. उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते, आणि तो टँकर डिझेलवर चालतो, एवढे या ठिकाणी नमूद करून पुढे जाणे बरे.

हवा निघाली की तीन सिलिंडरच्या इंजिनात आधी एक सिलिंडर पेटतो, मग काही ठोके चुकवून दुसरा, आणि ढगभर पांढरा धूर सोडून तिसरा. सगळे एकदम बोलू लागतात आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. यानंतरचा नियम अलिखित पण कडक आहे : लागलेला ट्रॅक्टर बंद करावयाचा नाही. चालक चहाला थांबतो, ट्रॉली भरली जाते, भाड्याची घासाघीस होते, जेवण आणि जेवणानंतरची विडीही होते, आणि इंजिन त्या सर्व काळात सावलीला उभे राहून धडधडत असते, कारण बंद केले आणि पुन्हा लागले नाही तर काय, ही धास्ती सकाळच्या तासापासून सर्वांच्या मनात ताजी असते. अशा नुसत्या धडधडण्यातही डिझेल जळतेच. सकाळी कॅनमधून घातलेले पाच लिटर दुपारपर्यंत टाकीच्या तळाला जातात, काटा आपल्या जागी स्थिर असतो, आणि भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर घाटाला लागतो.